मालनआक्काची बोटं

मालनआक्काला नुसतं बघून कशाचीच खात्री पटत नसे. मंडईत वांगी घेताना ती एकेक वांगं हातात फिरवायची, आणि वांगीवाली वैतागली की म्हणायची, "डोळं फसत्यात बाई, बोटं न्हाय फसत." एकदा मी भाच्याच्या लग्नाला निघाले होते, नवी साडी नेसून. गल्लीच्या तोंडाशी आक्का भेटली. तिनं माझा पदर दोन बोटांत धरून चोळला आणि सांगितलं, "निम्मं नायलान हाय की. फशीवलं तुमाला." मग अख्खं लग्न मी निम्म्या नायलॉनमध्ये काढलं. दुकानदाराला जाब विचारायला गेले तर तो नुसता हसला, म्हणजे आक्काचंच खरं होतं. तिचं नेहमी खरं निघायचं, आणि मला त्याचाच राग यायचा. मी महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं. लोकांच्या चुका काढणं हे आपलं काम, अशी माझी पक्की समजूत. आमच्या गल्लीत ते काम माझ्या आधी आक्का करून जायची.

ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील. तिच्या आजारपणाबद्दल लोक मला विचारतात, कारण दवाखान्यात तिच्याबरोबर मी जायची. मी काय सांगणार? माझ्या हातात होतं ते एवढंच, सोबत जाणं. त्यातही एक गोष्ट मी करून बसले, ती पुढं सांगेनच.

आक्का माहेरची गडहिंग्लजकडची, घरात निम्मं कानडी. लग्न होऊन आली ती गंगावेशीच्या मागच्या आमच्या गल्लीत, गवळ्याच्या घरात. आमच्याकडं दूधकट्टा असतो. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला येतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास तसाच कोमट हातात देतात. उभ्या उभ्या प्यायचं, मिशी पुसायची आणि घरी जायचं. दूध पिशवीतनं येतं हे कोल्हापूरच्या माणसाला माहीत आहे, पण अजून पटलेलं नाही. आक्काचा नवरा अचानक गेला तेव्हा मुलगी लहान होती. धाकटा दीर मल्लू वैरणकाडी बघायचा, पण धार काढताना म्हशी त्याला उभ्या राहत नसत. तेराव्याला घरात बोलणी चालली होती, म्हशींचं काय करायचं म्हणून. आक्का उठली, चरवी घेतली आणि कट्ट्यावर जाऊन बसली. सगळ्या गवळ्यांत एकटी बाई. पहिले आठ दिवस कुणी तिच्याकडं बघेना. मग तिच्या धारेचा आवाज ऐकून बघायला लागले.

म्हशींशी ती कानडीत बोलायची. गौरव्वा म्हणून लांब शिंगांची एक म्हैस होती तिची, तिच्या पोटाला कपाळ टेकवून आक्का हळू आवाजात म्हणायची, "सुम्म निल्ल, तंगी, सुम्म निल्ल." गप उभी राहा, धाकटे, एवढाच त्याचा अर्थ. गौरव्वा पान्हा सोडायची. मी एकदा विचारलं, मराठीत सांगितलं तर कळत नाही का तिला? आक्का म्हणाली, "कळतंय की. पर आयकत न्हाय. तुमच्या शाळंतल्या पोरांगत." आक्का स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. आमच्याकडं बायका तशाच बोलतात, आणि तेहतीस वर्षं व्याकरण शिकवूनही मला ते कुणाचं सुधारता आलं नाही.

तिच्या बोटांची खरी कीर्ती मात्र दगडीसाठी होती. म्हशीच्या कासेत दूध साकळतं, गाठ धरते, कास दगडासारखी कडक होते, त्या आजाराला आमच्याकडं दगडी म्हणतात. एकदा ती झाली की सड गेला म्हणून समजायचं. आक्का कासेवरनं हात फिरवून दोन दिवस आधी सांगायची, "ह्या सडाला धरनार बग." दुसऱ्या पेठेतले गवळी तिला सायकलवर, पुढं मोटरसायकलवर बसवून घेऊन जायचे. ती डोळे मिटायची, चारी सडांवरनं बोटं फिरवायची. मग कोरफडीचा गर, हळद आणि चुना एकत्र वाटून लावायला सांगायची. जनावरांचे डॉक्टरसुद्धा आल्यावर पहिल्यांदा विचारायचे, आक्का काय म्हणाली?

आता एवढं सांगितल्यावर पुढचं सांगायला माझी जीभ जड होते.

एका सकाळी तिची पोलकी दोरीवर वाळत होती आणि प्रत्येक पोलक्याला डाव्या बाजूला एकाच जागी पिवळा डाग होता. हळदीचा. मला आधी वाटलं, स्वयंपाक करताना सांडली असेल. पण सगळ्याच पोलक्यांवर, एकाच जागी? मी आत गेले. आक्का पाट्यावर कोरफड वाटत बसली होती.

"कुठल्या म्हशीला झालं?" मी विचारलं.

"म्हशीला न्हाई," ती म्हणाली. "मलाच दगडी धरल्या."

पाच महिने ती स्वतःच्या छातीला म्हशीचं औषध लावत होती. सकाळ-संध्याकाळ, नेमानं. मला इतका संताप आला की काय बोलते ते कळेना. "अगं, तू काय म्हैस आहेस का?"

"मग कोन हाय?" म्हणाली, आणि हसली. मग हसायची थांबली. पदर बाजूला करून तिनं माझा हात धरला आणि तिथं नेऊन ठेवला. मी हात मागं घेतला. लाज वाटली की भीती, मला आजही सांगता येणार नाही. तिनं माझा हात सोडला आणि खाली बघत म्हणाली, "म्हशीची गाठ बोटाखाली सरकती बाई. ही सरकंना. खुटी ठोकल्यागत बसल्या. बोटास्नी कळलंतं पयल्याच दिशी. मीच दगडी दगडी म्हनत बसलो."

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, लिहून घेतलं, आणि सोनोग्राफीला पाठवायला लागल्या तेव्हा आक्का म्हणाली, "काखंत बी एक हाय. तांदळायेवडी. वर दाबून बगा." डॉक्टरनी परत तपासलं. त्यांना लागली नाही. सोनोग्राफीत ती निघाली, तांदळाएवढीच. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरनी आक्काचा हात आपल्या हातात घेऊन बोटं बघितली. आक्काला ते फार आवडलं. परत येताना रिक्षात मला म्हणाली, "बाई, हुशार हाय ती. लाजली न्हाय." टोमणा मलाच होता, आणि तो मी गिळला.

डावा स्तन काढला. त्या वेळी आक्का वॉर्डात मोठ्यानं रडली. शेजारच्या खाटांवरच्या बायका तिला गप्प करायला लागल्या, असं रडू नये, हिंमत धरावी, वगैरे. ती म्हणाली, "म्हस पान्हा चोरती न्हवं? चोरला की मग दगडी हुती. मानसानं कशाला चोरायचं? आलंय तर येऊ दे की." आणि परत रडली. संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तर ती त्याच बायकांना गौरव्वाच्या गोष्टी सांगून हसवत होती. एकीचे टाके दुखत होते, ती हात जोडून म्हणत होती, आक्का, आता बास कर. मला हे जमत नाही. मी तोंड आवळून बसणाऱ्यांतली. आक्काचं रडू आणि हसू दोन्ही वेळच्या वेळी येऊन जायचं आणि मग ती मोकळी असायची.

लपवायचं नाही हे तिनं पहिल्यापासून ठरवलं होतं. कट्ट्यावर परत आली त्या दिवशी तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं, छातीचा कॅन्सर झालता, डावी बाजू काढली, आता सलाइनी लागनार हायत्या. गवळी माना खाली घालून उभे. गिऱ्हाइकांत एक वकील होते, वीस वर्षं रोज एक ग्लास पिणारे. त्यांनी ग्लास तोंडाजवळ नेला, थांबले, आणि आवाज बारीक करून म्हणाले, "आक्का, म्हणजे... दुधातनं काही... तसं काही नसतं ना?"

"पावणं," आक्का कट्टाभर ऐकू जाईल असं म्हणाली, "दूध म्हशीचं हाय, माझं न्हाय."

अख्खा कट्टा हसला. वकील लाजले आणि दोन ग्लास प्यायले. पण दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी पलीकडच्या गवळ्याच्या म्हशीपाशी उभं राहायला सुरुवात केली, हेही सांगितलं पाहिजे. आक्कानं ते बघितलं.

डाव्या बाजूचा हात जपायला सांगितला होता. वजन उचलायचं नाही, पिळायचं नाही, सूज येईल. मग ती एका उजव्या हातानं धार काढायला लागली. वेळ लागायचा, म्हशी चुळबुळ करायच्या. "उजव्याला डब्बल पगार लागू केलाय," ती म्हणायची.

त्याच दिवसांतली सरकीची गोष्ट. दवाखान्यात कुणीतरी तिला सांगितलं की रिकाम्या बाजूला वजन नसलं की पाठ वाकडी होते, तिथं काहीतरी भरून घालावं. विकत मिळतं ते तिला पसंत पडलं नाही. बोटांत दाबून म्हणाली, "ह्यात जीव न्हाय." घरी तिनं जुन्या लुगड्याची गोल पिशवी शिवली आणि त्यात भरायला हाताशी होती ती सरकी भरली. सरकी म्हणजे कापसाचं बी, म्हशींचा खाऊ. पिशवी पोलक्यात घालून आक्का ऐटीत कट्ट्यावर गेली, गौरव्वाच्या पोटाला कपाळ टेकवून बसली. गौरव्वानं मान वळवली. हुंगलं. मग तिनं आक्काचा पदर तोंडात धरला आणि ओढायला लागली. आक्का ओरडते, "बिड तंगी, बिड!" सोड, धाकटे, सोड. लोक हसतात, मल्लू धावत येतो, म्हैस काही सोडत नाही. शेवटी आक्कानं भर रस्त्यात, सगळ्यांच्या समोर, पोलक्यात हात घातला, पिशवी काढली आणि म्हशीपुढं टाकली. "खा," म्हणाली, "तुला बी तीच बाजू पायजे व्हय?"

मी तिथंच होते. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं तिनं पिशवीत मोहरी भरली, बाळाच्या उशीत भरतात तशी. मोहरीला गौरव्वानं तोंड लावलं नाही.

आता ती गोष्ट, जी मी करून बसले.

सलाइनी सुरू झाल्या. पहिल्या औषधानं केस गेले, त्याचं तिला काही वाटलं नाही. "डोस्क्याला वारं लागतंय," म्हणाली. दुसरं औषध दर आठवड्याला घ्यायचं होतं, बारा वेळा. सहाव्या-सातव्या खेपेला तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आठव्यानंतर मुंग्या गेल्या आणि काहीच राहिलं नाही. भाकरी थापताना पीठ ओलं की कोरडं ते कळेना. हाताला चटका बसलेला फोड आल्यावर दिसायचा.

आणि एका संध्याकाळी गौरव्वानं तिला लाथ मारली. चौदा वर्षांत कधी मारली नव्हती. किती जोरात पिळतोय याचा आक्काला अंदाजच उरला नव्हता, म्हशीला दुखलं. चरवी उलटली, दूध रस्त्यावर गेलं. आक्का चरवी उचलायला वाकली नाही. आपल्या हाताकडं बघत तशीच बसून राहिली. मल्लूनं तिला उठवलं आणि त्या दिवसापासून धार तो काढायला लागला.

नवव्या खेपेच्या आधी आम्ही डॉक्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, हे या औषधानं होतं. काही जणींची बोटं महिन्यांनी परत येतात, काहींची पुरती येत नाहीत. डोस कमी करून बघता येईल, किंवा उरलेल्या चार खेपा थांबवताही येतील.

"थांबलो तर?" आक्कानं विचारलं.

"आजार परत यायचा धोका थोडा वाढेल. तुमच्या बाबतीत नेमका किती, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही घरी विचार करा. दोन्हींपैकी कुठलंही ठरवलंत तरी मी तुम्हाला चूक म्हणणार नाही."

घरी विचार करायचा म्हणजे कुणाशी? मुलगी पुण्याला, तिचं बाळ लहान. फोनवर ती रडायचीच. मल्लू म्हणाला, वैनी म्हणेल तसं. आक्का माझ्याकडं आली. माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली आणि म्हणाली, "बाई, मला थांबायचं हाय. बोटं हायत तवर मी हाय. तुमाला काय वाटतंय?"

मला काय वाटतं ते मी सांगितलं. मला सगळं ठाऊक असतं ना! मी म्हणाले, "बोटांचं काय घेऊन बसलीस आक्का? आधी जीव. चार खेपा राहिल्यात, काढ कळ. म्हशींच्या धारा मल्लू काढेल."

ती म्हणाली, "तुमचा आवाज गेला आनि कुनी म्हनलं, शाळा दुसरं कोन तर घील, तर?"

"तर मी जीव वाचवेन," मी म्हणाले. असं बोलायला काही लागत नाही. माझा आवाज कुठं जात होता?

डोस कमी करून तिनं त्या चार खेपा घेतल्या. माझ्या शब्दाखातर घेतल्या असं ती कधी म्हणाली नाही. पण मला माहीत आहे.

त्यानंतरचं वर्ष चांगलं गेलं. खरंच चांगलं गेलं, हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणत नाही. केस आले, कुरळे आले, त्याची तिला कोण मजा. मुलीकडं जाऊन महिनाभर राहिली, नातवाला घेऊन आजऱ्याला भाचीच्या घरी काजू खाऊन आली. कट्ट्यावर ती रोज जायची. धार मल्लू काढायचा, आणि म्हशीच्या डोक्यापाशी स्टूल टाकून आक्का बसायची. ती कानडीत बोलली की गौरव्वा पान्हा सोडायची, मग मल्लूचा हात चालायचा. "मल्लूचा हात, माझं त्वांड," ती म्हणायची. गल्लीतल्या बायकांना ती हटकून विचारायची, आंघोळीच्या वेळी हात फिरवून बघता का? कुणी लाजली की तिला शिव्या. "वांगं बगून घेतासा, आनि हे न्हाय व्हय?" तिच्या त्रासानं गल्लीतल्या चौघी-पाचजणी जाऊन तपासून आल्या. त्यांना घेऊन कोण गेलं? मीच. माझं काय, असं आक्कानं मला दोनतीनदा विचारलं. मी म्हणायची, जाईन की, सुट्टीत. मी निवृत्त झालेली आहे, मला कसली सुट्टी!

दुपारी ती बोटांची तालीम करायची. सुपात सरकी, मका, तूरडाळ, हरभरा वेगवेगळे ढीग. तिनं डोळे मिटायचे, मी त्यातलं एक तिच्या तळहातावर ठेवायचं, तिनं चोळून ओळखायचं. रोज एक तास, शाळेसारखा. सुरुवातीला सगळंच चुकायचं, ती हसायची, "नापास." चारपाच महिने झाले तरी नापासच. हसणं कमी होत गेलं. एका दुपारी मी तिच्या हातावर मका ठेवला. तिनं खूप वेळ चोळला, कपाळाला आठ्या पडल्या, आणि म्हणाली, "सरकी."

मला राहवेना. मी म्हणाले, "बरोबर."

आक्कानं डोळे उघडले नाहीत. तळहात मात्र उपडा केला. दाणे सुपात पडले. "मका हाय बाई," ती म्हणाली. "सुपात पडल्याला आवाज आला की. मगाशी तुमी उचलला तवाच आयकलता, पर बोटावर भरवसा टाकून बगितलं." मग तिनं सूप बाजूला सारलं. "तुमी कवा खोटं बोलत न्हाईसा. आज बोलला. म्हंजे बोटं गेली माजी."

परत सूप काढलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी तिची पाठ दुखायला लागली. म्हशीची लाथ लागलेली जुनी दुखणी असतील म्हणून तिनं काही दिवस तसेच काढले. तपासलं तर हाडांत आलं होतं. डॉक्टरनी समजावून सांगितलं, आता पुरतं बरं करणं नाही, पण दुखणं कमी ठेवता येईल, औषधांवर बरेच दिवस चांगले जातील. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर बाकावर बसलो. मी तिच्याकडं बघू शकत नव्हते. माझ्या मनात एकच चाललं होतं: बोटंही गेली आणि हेही आलं. त्या चार खेपा घेतल्या नसत्या तर बोटं कदाचित परत आली असती, निदान ते एक वर्ष तिनं आपल्या हातानं धार काढली असती.

मी ते बोलून दाखवलं. तिनंच शिकवलं होतं, आलेलं अडवू नये. मी बाकावर बसून रडले आणि म्हणाले, "आक्का, माझं चुकलं."

"चुकलं का न्हाई, कुनाला ठावं," ती म्हणाली. "घेतल्या नसत्या आनि आलं आसतं, तर मी म्हनलो आसतो, बाईंचं आयकाय पायजे हुतं." मग म्हणाली, "पर राग आलता मला तुमचा. लई दीस हुता." तो गेला की नाही ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

औषधांवर सात-आठ महिने बरे गेले. कट्ट्यावर जाणं हळूहळू कमी झालं. मग तिला माहेरी जावंसं वाटायला लागलं. तिची आई नव्वदीची, अजून होती. गडहिंग्लजचा भाऊ गाडी घेऊन आला. सकाळची वेळ होती, गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. मल्लू अंथरूण-पांघरूण गाडीत ठेवत होता. मी आत गेले तेव्हा आक्का खाटेवर बसली होती, लुगडं नेसून, कुंकू लावून. म्हशीसारखी वाळली होती म्हणावं, तर म्हशी वाळलेल्या तिनं कधी ठेवल्या नव्हत्या.

"दार लावून घ्या," ती म्हणाली.

मी दार लावलं. मला वाटलं, काही ठेवायला द्यायचं असेल, मुलीला काही सांगायचं असेल.

"हितं बस. पोलकं सोड."

इतक्या वर्षांत तिनं मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. मी उभीच राहिले. "आक्का, मी जाईन गं तपासायला. खरंच जाईन."

"दोन वर्सं जाईन म्हनतीस तू. बस."

मी बसले. बटणं काढली. आक्कानं डोळे मिटले, उजवा हात पुढं केला, काखेपासून सुरुवात केली. म्हशीच्या कासेवरनं फिरवायची तसाच हळू, चारी बोटं सपाट ठेवून, गोल गोल. हात थंड होता. या वेळी मी मागं सरले नाही. एक बाजू पुरी करून ती दुसऱ्या बाजूला गेली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. तिचा श्वास मला ऐकू येत होता. बाहेर बायकांचं बोलणं चाललं होतं.

हात थांबला.

"काय लागंना," ती म्हणाली.

मी सुटल्यासारखा श्वास सोडला. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं.

"तुज्यात न्हाई, का माज्या बोटांत न्हाई, ते कळंना बग."

काही नाहीये गं, म्हणाले असते तर ते मला ठाऊक नव्हतं. आणि तिच्याशी एकदा खोटं बोलून झालं होतं. बाहेर भावानं गाडीचा हॉर्न दिला. मल्लूनं दारावर थाप मारून हाक दिली, "वैनी, ऊन व्हाय लागलंय."

"आलो," आक्का म्हणाली. पण ती उठली नाही. तिनं परत डोळे मिटले आणि काखेपासून पुन्हा सुरुवात केली.